उलट्या पावली

आई गेली त्या हिवाळ्यात बाबा बाल्कनीत बसले
आणि अकरा महिने तिथून उठलेच नाहीत.
म्हणजे जेवायला उठायचे, झोपायला उठायचे,
पण उठलेले दिसायचे नाहीत.

आंबवलेल्या कोबीच्या माठावर
आईने ठेवलेला धोंडा
आम्ही दोघांपैकी कोणीच उचलला नाही.

शेनयांगच्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस.
केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक
बोट फिरवून सांगायचे थोंग मिस्त्री.
आता मांडीवर चहा सांडला
तरी हात हलायचा नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा,
आणि त्यांना चालायला न्या.

नेलं.
पण सरळ चालताना
पाय पायांचं काम करतात
आणि डोकं सुटतं आपल्या धंद्याला.
बागेतल्या तळ्याला तीन फेऱ्या,
तिन्ही फेऱ्यांत तोच दवाखाना, तीच खाट,
तोच भुंगा: त्या रात्री मी घरी का आलो झोपायला?
मी दोन पावलं मागे,
त्यांच्या कोटाच्या पाठीवरची उसवलेली शिवण बघत.

तळं गोठलं.
म्हातारे बर्फावर भोवरे सोडून
चाबकाने फटकावू लागले. फट्, फट्.
एकाचा हात दुखला, तो थांबला,
आणि भोवरा थोडा वेळ डुलून आडवा झाला.
बाबा बराच वेळ बघत राहिले.
मी काही विचारलं नाही.

काठाकाठाने उलटं चालणाऱ्यांची रांग यायची रोज,
टाचेने जमीन चाचपत, हातमोज्यांच्या टाळ्या वाजवत.
आई त्यांना हसायची.
म्हणायची, ही माणसं कालकडे निघालीत,
पोचली की मला सांगा.

मग एका सकाळी, उणे एकोणीस,
बाबा मधेच थांबले आणि वळले.
मला वाटलं, घरी जायचं म्हणतात.
ते उलट्या पावली चालू लागले.

आणि त्यांचं तोंड माझ्याकडे आलं.

अकरा महिन्यांत पहिल्यांदा, एवढ्या जवळून.
भुवयांवर हिमाचे कण,
दाढीचा एक पट्टा करायचा राहिलेला,
डोळे मात्र मागे लागलेले, कानात, पाठीत,
जिथे डोळे नसतात तिथे.
मी म्हणत होते, डावीकडे बाबा. आता बाक.
आता उतार, थोडा.
ते म्हणत होते, हं.
त्या दिवशी आमचं एवढं बोलणं झालं.
तेवढं वर्षभरात झालं नव्हतं.

बदामी वळणावर मी सांगायला चुकले.
समोरून, म्हणजे त्यांच्या मागून,
ग्वान मावशी येत होत्या, त्याही उलट्या.
पाठीवर पाठ आपटली,
दोन जाड कोटांचा धप्प असा आवाज,
आणि मावशी न वळताच ओरडल्या,
"गाडीत चढायच्या आधी उतरू द्या!"
ट्रामवर कंडक्टर होत्या त्या.

बाबा हसले.
खोकल्यासारखं, गंजलेलं, पण हसूच.

दुसऱ्या दिवशी परत बाल्कनी.
तिसऱ्याही.
चौथ्या दिवशी मी उठले तेव्हा
दाराजवळ त्यांचे बूट नव्हते.

धोंडा त्यांनी उचलला एका रविवारी.
आतलं सगळं कधीच नासलं होतं.
माठ घासताना मी विचारलं,
उलटं चालताना काय येतं मनात?
बराच वेळ त्यांनी नळ चालू ठेवला.
"टाच," म्हणाले. "कुठे पडते ती."
"आणि?"
"आणि पुढची टाच."

काल रात्रपाळी संपवून येताना
इमारतीच्या लांबलचक बोळात कोणी नव्हतं.
मी पिशवी छातीशी धरली, वळले,
आणि सोळा पावलं गेले तशीच.
सतराव्याला कुणाची तरी सायकल लागली.
सोळा पावलं मात्र
मला भाडं आठवलं नाही, आई आठवली नाही,
फक्त फरशी होती,
गार, थोडी ओली,
आणि पाठीमागे कुठेतरी आमचं दार.